एका रक्ताची माणसं

मिथुनला शाळेत असल्यापासून फिटा येत होत्या, पण फिट दिसते कशी, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? ज्याला येते तो त्या वेळेला तिथं नसतोच. त्याला फक्त नंतरचं ठाऊक. जीभ चावलेली, अंग ठेचून काढल्यासारखं, पँट ओली, आणि भोवती जमलेली माणसं एकदम दुसरीकडंच बघायला लागलेली. वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करायची, तेवढ्यावरून त्यानं अंदाज बांधला होता. पोरं वाढवून करतात, असं त्याला वाटायचं.

पहिली फिट त्यानं पाहिली ती आपल्या पुतणीची. तीही स्वतःच्या मांडीवर.

केदारखेड्याच्या घरात तेव्हा चारच मोठी माणसं होती. वडील भिवा वारून बरीच वर्षं झालेली. आई बेबीनंदा, थोरला बुद्धभूषण, त्याची बायको भावना आणि मिथुन. बुद्धभूषण पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेवर मास्तर, रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन असायचा. मिथुन राजूरला बदरोद्दीन मास्टरच्या दुकानात शिवणकाम करायचा. फिटांमुळं त्याला गाडी चालवायची बंदी, विहिरीवर जायची बंदी, चुलीपुढं बसायची बंदी. मशीनवर बसून सुईखाली बोट गेलं तरी जीव जात नाही, म्हणून मास्टरनं त्याला हे काम शिकवलं होतं. आणि मिथुनचा हात चांगला बसला. लहान पोरींचे फ्रॉक तर असे शिवायचा की बाया भोकरदनहून कापड घेऊन यायच्या.

पुतणी झाली तेव्हा नाव ठेवायच्या आधीच त्यानं तिच्यासाठी झबली शिवून ठेवली होती. आकांक्षा नाव ठेवलं. तिला घेऊन मिथुन तासन्‌तास बसायचा.

त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तो घरी होता. आदल्या दिवशी पोरीला लस दिलेली, अंग जरासं कोमट होतं. बेबीनंदानं तिला पायावर घेऊन कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, पंच्यात गुंडाळलं आणि मिथुनच्या मांडीवर दिलं. "धर जरा, मी धुरी करते."

पोरीनं आधी डावीकडं बघितलं. मिथुनला वाटलं दाराकडं बघते. मग डोळे तिकडंच अडकून राहिले. डावा ओठ उडायला लागला, मग डावा हात, मग पाय. एवढंसं अंग, पण त्यात कुणीतरी दोरी बांधून आतून हिसके देतंय असं वाटत होतं. तोंडातून फेस आला. ओठ निळे पडले.

मिथुन ओरडला नाही. उठलाही नाही. तो नुसता बघत राहिला. पोरं वाढवून करत नव्हती, हे त्याला कळलं. उलट, त्यांनी कमीच केलं होतं.

"माय वं! लेकराला काय झालं!" बेबीनंदा धावत आली. भावना मोरीतून ओल्या हातानं आली, तिनं पोरीला हिसकून घेतलं. शेजारीण कांदा फोडून घेऊन आली. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. कुणीतरी मिथुनलाच धरलं, कारण त्याचे डोळे असे थिजले होते की यालाही आता फिट येणार असं वाटलं. झटके काही केल्या थांबेनात. शेजारच्या जीपमधून पोरीला भोकरदनला नेलं, तिथून जालन्याला. इंजेक्शन दिल्यावर फिट थांबली.

जालन्याहून परत आल्यावर शेजारीण ओट्यावर बसून म्हणाली, "बेबीनंदा, राग मानू नको, पण मिरगीवाल्याच्या मांडीवर तान्हं लेकरू द्यायचं असतंय का?"

भावना आत होती. तिनं ऐकलं. ती डी.एड. झालेली बाई, फिट असली सोबतीनं लागत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण संध्याकाळी मिथुननं पोरीकडं हात केला तेव्हा तिनं तिला उचलून आतल्या खोलीत नेलं. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मिथुननं हात करणं सोडून दिलं.

त्याला तिचा राग आला नाही. त्याला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. इतकी वर्षं आपल्या अंगात जे राहिलं, त्याला आपण आता जुने झालो असू, म्हणून त्यानं नवं घर शोधलं असेल. येडपट विचार होता, पण एकदा डोक्यात शिरला तो निघेना. त्यानं कपड्यांची पिशवी भरली आणि राजूरला गेला.

"मास्टर, मी इथंच मागच्या खोलीत राहू का?"

बदरोद्दीन मास्टर कापडावर खडूनं रेघ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "राह्य ना. जागा हाये. पण घरी सांगून आला का?"

"सांगायला काय हाये."

"मंग अम्मीला फोन कर पहिले." एवढंच बोलून ते पुन्हा रेघ मारायला लागले.

बेबीनंदा दर चार-आठ दिवसांनी राजूरला यायची, गणपतीच्या रस्त्यावरच्या दुकानातून त्याच्यासाठी चिवडा घ्यायची आणि शिलाईच्या पाटावर बसून घरचं सांगायची. आकांक्षाला ताप आला की फिट येते. ताप नसला तरी ऊन लागलं की येते. एकदा अर्धा तास थांबली नाही. एकदा उजव्या बाजूला आली. जालन्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, मग दुसरं दिलं, आता म्हणतात संभाजीनगरला दाखवा.

"वैनी कशी हाये?"

"कशी राहीन? वाळून राह्यली."

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉ. शबनम म्हणून लहान मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टर होत्या. त्यांनी आकांक्षाला तपासलं, आणि घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का, असं विचारलं. बुद्धभूषणनं सांगितलं, "धाकट्या भावाला आहे." भावना खाली बघत होती. डॉक्टरांनी पोरीचं रक्त घेतलं. एवढीशी शीर सापडेना. चौघांनी धरलं तरी ती पोर एवढी ओरडली की बुद्धभूषण बाहेर निघून गेला. भावनानं धरलेला हात सोडला नाही. ते रक्त लांबच्या शहरात पाठवलं. महिन्याभरानं बोलावणं आलं, आणि डॉक्टरांचा निरोप होता की आईवडिलांबरोबर आजी आणि काकालाही आणा, त्यांचंही रक्त तपासायचं आहे.

मिथुनला वाटलं, आपल्याला गुन्हा कबूल करायला बोलावलंय.

रक्त देऊन आले, पुन्हा थांबले, पुन्हा गेले. त्या दुसऱ्या वेळी डॉ. शबनम यांच्या खोलीत पाचही जण बसले होते. आकांक्षा भावनाच्या खांद्यावर झोपलेली. मिथुन दाराजवळच्या खुर्चीवर, तिच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब.

डॉक्टर सावकाश बोलत होत्या. "आपल्या शरीरात हजारो जनुकं असतात. अर्धी आईकडून येतात, अर्धी बापाकडून. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवण्याचं काम करणारं एक जनुक आहे, त्यात तुमच्या घरात एक बदल आहे. आकांक्षाला तो तिच्या वडिलांकडून आलाय."

कुणालाच काही कळलं नाही. बुद्धभूषणनं विचारलं, "म्हणजे काकाकडून?"

"नाही. तुमच्याकडून. काकाकडून पुतणीला काही जात नाही. मांडीवर घेतल्यानं तर मुळीच नाही." हे शेवटचं त्या का बोलल्या कोण जाणे, बहुतेक प्रत्येक घराला सांगत असतील. भावनाची मान आणखी खाली गेली. "हा बदल तुमच्यात आहे, तुमच्या भावातही आहे, आणि तुमच्या आईतही आहे. आईकडून तुम्हा दोघांना आला."

"मला?" बेबीनंदा घाबरून उठलीच. "मला तर जिंदगीत फिट आली न्हाई बाई."

"लहानपणी? ताप आल्यावर?"

बेबीनंदा खाली बसली. मग पदर तोंडाला लावत म्हणाली, "माझी माय सांगायची... ताप आला की ही पोरगी वाकडी व्हायची, डोळे पांढरे करायची. म्हणायची, मोठी झाली अन् बंद झालं. मला काय आठवतंय? मला वाटलं सगळ्याच लेकरायला होत आसंल."

"तेच ते."

बुद्धभूषण दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. वर्गात पोरांना गप्प करताना तो असाच बसायचा. "पण मॅडम, मला कधी चक्करसुद्धा आली न्हाई."

"येतेच असं नाही. बदल असला म्हणजे आजार होतोच असं नाही, होण्याची शक्यता वाढते. एकाच घरात कुणाला काहीच होत नाही, कुणाला लहानपणी तापात येऊन थांबतं, कुणाला आयुष्यभर राहतं. आणि कुणाला," त्यांनी झोपलेल्या पोरीकडं पाहिलं, "फार जड जातं."

"काहून पण?" भावना पहिल्यांदाच बोलली. "त्यायला काहीच न्हाई, अन् हिलाच एवढं काहून?"

"बाकीची जनुकं असतात. काही सावरून घेतात, काही सावरत नाहीत. तिच्यात तुमच्याकडूनही अर्धी आलीत. पण ती सगळी वाचून याचं उत्तर सांगता येईल, एवढं आम्हाला अजून कळत नाही. मी खोटं सांगणार नाही." त्या पुढं म्हणाल्या, "यात चूक कुणाचीच नाही. कुणी निवडून दिलेलं नाही हे."

मग त्यांनी मिथुनकडं वळून विचारलं, "तुमच्या गोळ्या दाखवा." त्यानं खिशातलं पाकीट दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. "ही किती वर्षं घेता?"

"शाळेत होतो तव्हापासून. जालन्याला पहिल्यांदा दाखवलं तव्हा लिहून दिल्ती."

"तेव्हा हीच देत होते, त्यांचंही चुकलं नाही. पण ज्याच्यात हा बदल असतो, त्याला या जातीची गोळी कधीकधी उलटी पडते. फिटा कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. आकांक्षाची तपासणी झाली नसती तर हे कळायला मार्ग नव्हता. तुमची गोळी आपण बदलू. एकदम नाही, हळूहळू. माझ्या शेजारच्या डॉक्टरांकडं पाठवते, ते मोठ्यांचं बघतात."

परत येताना बस स्थानकावर बाया पाणी आणायला गेल्या, तेव्हा दोघे भाऊ एका बाकावर बसले. बुद्धभूषण बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होता.

"मिथ्या," तो म्हणाला, "तू शाळेत पडायचा तव्हा मी वर्गातून बाहेर यायचो न्हाई. तुला म्हाईत हाये का?"

"म्हाईत हाये."

"लाज वाटायची. माझा भाऊ हाये म्हणून." त्याचा आवाज फाटला. "अन् माझ्यात पण तेच हाये. मी मजेत मोटरसायकल फिरवून राह्यलो, लग्न केलं, लेकरू झालं..."

"दादा, गप बस. लोकं बघून राह्यले."

बुद्धभूषण गप्प बसला नाही. भर स्थानकात तो लहान पोरासारखा रडला, आणि मिथुन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. फिटेनंतर मास्टर मिथुनच्या पाठीवरून फिरवायचे तसा.

आठ-दहा दिवसांनी दुपारी राजूरच्या दुकानापुढं रिक्षा थांबली. भावना उतरली, काखेत आकांक्षा. दुकानात येऊन तिनं पोरीला सरळ मिथुनच्या मांडीवर ठेवलं. मास्टर उठून चहा सांगायला बाहेर गेले.

"घरी चला, भावजी."

मिथुन हात आखडून बसला होता. पोरगी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती.

"मी तव्हा काही बोलले न्हाई," भावना म्हणाली, "पण लेकरू उचलून नेलं. रोज नेलं. तोंडानं बोलले असते तर तुम्ही उलटून काही बोलले असते. तेवढंही मी तुम्हाला करू दिलं न्हाई."

"तुमच्या जागी कुणी बी हेच केलं असतं, वैनी."

"आसंल. पण मी केलं." तिनं डोळे पुसले. "चला. तिला दोन माणसं पुरत न्हाईत."

ते खरंच होतं. आकांक्षाला दोन माणसं पुरत नव्हती. चालायला उशिरा लागली, आणि चालायची तेव्हा दारू प्यायल्यासारखी डुलायची. चार-पाचच शब्द बोलायची. काकाला ताता म्हणायची. ताप येऊ द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही, कढत पाणी नाही. बेबीनंदानं तर हे कळल्यापासून घरात कुणालाच कढत पाणी घेऊ दिलं नाही. आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे एप्रिलमध्येच पत्र्याला हात लावता येत नाही, त्यात वीज जायची. मिथुननं तिच्यासाठी पातळ मलमलचे सैल झगे शिवले. ते माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून तिला घालायचे, वाळले की दुसरा. ओसरीवर दोरीला ते झगे कायम लटकलेले असायचे. शिलाईचं एक मशीन त्यानं घरीच आणून ओसरीवर मांडलं, आणि मास्टर राजूरहून कपडे पाठवायला लागले.

फिटा येतच राहिल्या. आता मिथुननं किती पाहिल्या याचा हिशेब नव्हता. पण घरात सगळ्यांत शांत तोच असायचा. भावनाचे हात कापायचे, बेबीनंदाला रडू यायचं. तो पोरीला कुशीवर वळवायचा, तोंड पुसायचा, डॉक्टरांनी दिलेला फवारा नाकात मारायचा आणि तिच्या कानाशी बोलत राहायचा. "झालं हं, झालं, आली आमची आकू परत." ऐकू येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी बोलायचा. शुद्धीवर येताना सगळ्यात आधी आवाज येतो, लांबून, विहिरीच्या तळाशी कुणी हाक मारावी तसा, हे त्याला माहीत होतं.

आणि त्याच्या स्वतःच्या फिटा थांबल्या. आधी दोन आठवडे आली नाही, मग महिना. एक पावसाळा गेला. दिवाळी गेली. सकाळी उठल्यावर डोकं हलकं असायचं. इतकी वर्षं आपण धुक्यातून चालत होतो हे त्याला आत्ता कळलं. गावातली माणसं म्हणायची, "मिथुन, लई बदलला रे तू." बेबीनंदानं एका पाव्हण्याकडं मुलीचं विचारलंसुद्धा. मिथुननं तिला गप्प केलं. घरात पोरीला दिवसाआड फिट येत असताना, आपल्या अंगातून ती गेली म्हणून आनंद कोणत्या तोंडानं करायचा? झोपलेल्या पोरीच्या केसांवरून हात फिरवत तो म्हणायचा, "तुझं मला दिलंस, माझं तुला देता येत न्हाई."

त्या मार्चमध्ये पिंपळगाव रेणुकाईला भावनाच्या मावसबहिणीचं लग्न होतं. पोरगी झाल्यापासून भावना कुठल्या लग्नकार्याला गेलीच नव्हती. ती नको म्हणत होती. मिथुनच मागं लागला. "जा वैनी, मी हाये ना. ताप न्हाई, खोकला न्हाई. दादा शाळेतून सरळ तिकडंच यील, संध्याकाळी दोघं संगं या."

तिनं ठेवणीतली हिरवी साडी काढली. जाताना पोरीचा पापा घेतला. आकांक्षा तिच्या साडीची जर बोटानं कुरवाळत राहिली, सोडेचना. शेवटी मिथुननं तिला बटणांचा डबा देऊन वळवलं.

दुपारी पोरीनं वरणभात खाल्ला. मिथुननं तिला भिजवलेला झगा घातला आणि ओसरीवर मशीनजवळ गोधडीवर झोपवलं. पंखा सुरू होता. बेबीनंदा मागच्या दारी शेंगा फोडत होती. मिथुन एका पोलक्याच्या बाह्या लावत होता. मशीनचा आवाज झाला की पोरीला झोप छान लागायची, म्हणून तो थांबला नाही. मधूनमधून बघत होता. ती पालथी झाली होती, तिची सवयच होती तशी. पाठीवरचा झगा वाळत आला होता.

दुसरी बाही लावून झाली. वाळलेला झगा बदलावा म्हणून तो उठला, दोरीवरचा ओला झगा घेऊन तिच्याजवळ बसला आणि तिला उताणं केलं.

फिट नव्हती. डोळे फिरलेले नव्हते, हातपाय हलत नव्हते, फेस नव्हता. हाताला फवारा लागला पण तो मारायचा कशासाठी? मिथुननं तिच्या तोंडात फुंकर घातली, छाती दाबली, हाका मारल्या. "आकू. ए आकू. ये ना वं माय परत." बेबीनंदाच्या हातातलं सूप पडल्याचा आवाज त्याला आला. गाडी आली, भोकरदनच्या डॉक्टरांनी हात लावून मान हलवली.

भावना आली तेव्हा तिच्या केसात लग्नातला गजरा होता. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि मिथुनला एवढंच विचारलं, "आली होती का?"

"न्हाई वैनी. झोपली होती."

"मंग?"



बुद्धभूषणनं डॉ. शबनमना फोन लावला.  त्या म्हणाल्या, या आजारात कधीकधी झोपेत असं होतं, अचानक. आम्ही पहिल्या दिवशी ते सांगतो पण आईबाप ते ऐकत नाहीत, आणि ऐकू नयेच. शेजारी कुणी बसलेलं असतं तरी कळलं नसतं.

मिथुन शेजारीच बसलेला होता.

पोरीला पूर्णेच्या काठी पुरलं. भंतेजी आले, पाव्हणे आले, त्रिशरण-पंचशील झालं. बदरोद्दीन मास्टर दुकान बंद करून दोन दिवस ओट्यावर बसून होते. मिथुन वाट बघत होता. आता कुणीतरी म्हणेल, मिथुनच्या हवाली केलं होतं लेकरू. शेजारीण म्हणेल, आई म्हणेल, वैनी म्हणेल. कुणीच म्हणालं नाही. म्हणाले असते तर त्याला रडता आलं असतं.

गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात होतं. एक दिवस सकाळी त्यानं ते हातात घेतलं. ही गोळी कुठून आली? चौघांनी धरलेल्या एका किंचाळणाऱ्या पोरीच्या दंडातून आली. ती गोळी आपल्याला लागू पडली आणि तिला काहीच लागू पडलं नाही. त्यानं पाकीट तसंच ठेवून दिलं. त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही घेतली नाही. आपण काही ठरवून करतोय असंही त्याला वाटत नव्हतं. नुसता हात पुढं होत नव्हता.

आठवड्याच्या आत फिट आली. सकाळी, अंगणात, दात घासताना.

आधी आवाज आला, लांबून. मग उजेड. मग कळलं की आपण कुशीवर आहोत, डोक्याखाली काहीतरी मऊ घडी करून ठेवलंय, कुणीतरी तोंड पुसतंय. कुणीतरी कानाशी बोलतंय, "झालं हं, झालं." पुन्हा पुन्हा तेच. त्याला वाटलं आपलाच आवाज आहे. डोळे उघडले तेव्हा भावना दिसली. तिच्या हातांना कंप नव्हता. मागं बेबीनंदा तोंडात पदर कोंबून उभी होती.

त्याला ओसरीवर आणून बसवलं. बराच वेळ गेला. जीभ सुजली होती. भावना आत गेली आणि कोनाड्यातलं पाकीट घेऊन आली. तिनं गोळ्यांची पट्टी उजेडात धरून पाहिली.

"बंद केल्या ना?"

तो मनगटानं तोंड पुसत राहिला.

"तुम्हाला विचारून राह्यले मी, भावजी."

"घेववत न्हाई वैनी. तिच्यामुळं हाय ती गोळी. तिला न्हाई अन् मला..."

"मंग?" भावनाचा आवाज एकदम चढला. घरात इतक्या दिवसांत कुणाचा आवाज चढला नव्हता. "तिचं रक्त काढलं तव्हा तिचा हात मी धरला होता. तिच्या बापाला बघवलं न्हाई, तो बाहेर गेला. मी धरला होता. ती माझ्याकडं बघून वरडत होती, अन् मी धरून ठेवला. त्यातून तिच्यासाठी काही निघालं न्हाई. जे निघालं ते हे हाये." तिनं पाकीट त्याच्यापुढं आपटलं. "अन् तुम्ही ते कोनाड्यात टाकून देता?"

बेबीनंदा म्हणाली, "भावना, आत्ताच पडलाय तो, राहू दे."

"न्हाई आत्या, राहू देणार न्हाई." ती खाली बसली. आता तिचा आवाज उतरला होता. "तुम्ही चांगले झाले अन् ती गेली. मला राग येतो त्याचा, भावजी. तुमचं काही चुकलं न्हाई, मला म्हाईत हाये. मी पन्नास वेळा स्वतःला सांगते. तरी तुम्ही सकाळी चांगले उठून चहा पिता ना, ते बघून मला राग येतो. रोज येतो. बहुतेक येतच राहीन. तुम्ही तो सोसा. पण गोळी घ्या."

 मिथुननं मान डोलावली, आणि मग त्याला रडू आलं. इतके दिवस अडकलेलं सगळं एकदम आलं. सुजलेल्या जिभेमुळं रडताही धड येईना, लाळ गळत होती. भावनानं त्याला गप्प केलं नाही. तीही तिथंच, खांबाला टेकून, स्वतःचं रडत राहिली. बेबीनंदानं दोघांकडं बघितलं आणि ती मागच्या दारी निघून गेली.

बुद्धभूषणनं त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून विचारलं, गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते नीट समजून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी भावना तांब्या-पेला घेऊन ओसरीवर येते.  कधी चेहरा बरा असतो, कधी इतका कठीण असतो की मिथुन वर बघत नाही. तो गोळी जिभेवर ठेवतो, पाणी पितो, आणि गिळली हे तिला दिसावं म्हणून लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवतो. ती पेला घेते, विसळते आणि आत निघून जाते. मग तो मशीनवर बसतो.